तीच कोंबडी पुन्हा पुन्हा का अडते?

आमच्या नाशिकजवळच्या मखमलाबादच्या घरामागे चौदा कोंबड्या आहेत. सात गावरान, चार वनराज आणि तीन तांबड्या आरआयआर (रोड आयलंड रेड). त्यातली एक वनराज, अंगावर पांढरे ठिपके असलेली, तिला आम्ही कवडी म्हणतो. गेल्या वर्षी चैत्रात ती पहिल्यांदा अडली, म्हणजे अंडं बाहेर न येता आतच अडकलं, वैशाखात आणखी दोनदा. तिन्ही वेळा वाचली. पण तिसऱ्या वेळी तिला टबात धरून बसले होते तेव्हा मनाशी ठरवलं, की हिला नुसतं सोडवत बसायचं नाही, ही अडते का ते शोधायचं. त्यासाठी दोन महिने रोज वहीत नोंद केली. ज्यांच्या घरी हाच त्रास फिरून फिरून येतो त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

पहिल्या वेळी सकाळी साडेदहाला बाकीच्या आंब्याखाली उकरत होत्या आणि कवडी एकटी भिंतीच्या कडेला होती. पिसं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले, शेपूट खाली. मधूनच उभी राहायची, शेपूट वरखाली व्हायची, अंग आवळायची आणि परत बसायची. उभी राहिली की छाती वर आणि मागचा भाग पार जमिनीकडे. मला वाटलं ऊन लागलं. सासूबाईंनी ओट्यावरूनच ओळखलं. त्यांचं माहेर पेठ तालुक्यातलं, कोंबड्यांतच वाढलेल्या. म्हणाल्या, "अगं, अडलीये ती. बघ कशी कळा देतेय."

आत्ता कोणाची कोंबडी अशी बसलेली असेल तर आधी पुढचा भाग वाचा, बाकीचं सावकाश.

अडलेल्या कोंबडीला लगेच काय करायचं

तिला इतरांपासून वेगळं करून घरातल्या शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात आणा. दोन पायांच्या मध्ये, पोटाखाली, अगदी हलक्या हाताने चाचपा. टणक टरफलाचं अंडं असेल तर गोळा हाताला लागतो. टरफल मऊ असेल तर काहीच लागत नाही, त्यामुळे हाताला गोळा नाही म्हणजे अडलेली नाही असं समजू नका. उलट मऊ टरफलाचंच अंडं जास्त अडतं, कारण आतल्या स्नायूंना ते ढकलायला धड पकड मिळत नाही.

पसरट टबात किंवा घमेल्यात कोमट पाणी घ्या. बाळाच्या अंघोळीला कोपर बुडवून बघतो तेवढंच ऊन. कोंबडीला त्यात बसवा, पाणी तिच्या पोटाच्या वरपर्यंत यायला हवं, डोकं आणि पाठ बाहेर. पहिल्यांदा फडफडते, मग दोन-तीन मिनिटांत शांत होते. काही तर डोळे मिटून घेतात. वीस मिनिटं धरून बसा आणि पाणी निवत चाललं की कडेने थोडं गरम पाणी घाला. नंतर टॉवेलने नीट कोरडी करा, थंडीचे दिवस असतील तर हे फार महत्त्वाचं. गुदद्वाराभोवती आणि बोटाने किंचित आत खोबरेल तेल लावा. नखं कापलेली हवीत आणि हातात मोजा हवा.

मग कॅल्शियम. जनावरांच्या डॉक्टरांनी आम्हाला माणसांची ५०० मिलिग्रॅमची कॅल्शियम-डी३ गोळी अर्धी द्यायला सांगितली. तिची पूड करून भाताच्या गोळ्यात किंवा थोड्या दह्यात देते. कॅल्शियम फक्त टरफलासाठी नसतं, अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंच्या आकुंचनालाही तेच लागतं. त्यामुळे ते कमी असलं की टरफलही पातळ आणि कळाही कमजोर, असा दुहेरी फटका बसतो. पातळ औषध असेल तर चोचीच्या कडेला थेंब थेंब सोडा. चोच उघडून आत ओतलं तर श्वासनळीत जातं.

एवढं झालं की तुसावर बसवून वर डालगं, डालग्यावर गोणपाट. तासभर अजिबात बघायला जायचं नाही. दर दहा मिनिटांनी गोणपाट उचलून बघितलं की ती घाबरून अंग आवळून धरते. कोमट पाण्याची अंघोळ आणि अंधारात बसवणं दिवसातून दोन-तीनदा केलं तरी चालतं.

कवडीने पहिल्या वेळी दुसऱ्या अंघोळीनंतर अंडं टाकलं. टरफल नव्हतंच. ओल्या कागदासारखा पापुद्रा, आत पिवळं डुलताना दिसत होतं आणि एका टोकाला खडूच्या भुकटीसारखा खरखरीत थर जमलेला. तळहातावर ठेवलं तर स्वतःच्याच वजनाने पसरलं. तो अर्धवट थर बघितला नसता तर पुढचं काही मला सुचलंच नसतं. टरफलाचं काम सुरू झालं होतं आणि मध्येच सामान संपलं होतं.

काय करू नये तेही सांगते, कारण यातली एक चूक मी स्वतः करणार होते. पोट दाबून अंडं बाहेर काढायला जाऊ नका. आत अंडं फुटलं तर टरफलाच्या कडा अंडनलिका चिरतात, बलक आत सांडतो आणि त्यातून होणारा संसर्ग बहुतेक वेळा कोंबडीला घेऊन जातो. बाहेरून टोक दिसतंय म्हणून टोचून फोडायचं नाही. गाई-म्हशींना देतात ते ऑक्सिटोसिन कोणी सुचवलं तर डॉक्टरांशिवाय हात लावू नका, वाट मोकळी झालेली नसताना ते दिलं तर आतली पिशवी फाटू शकते. आणि वाट किती बघायची? सकाळी लक्षणं दिसली आणि संध्याकाळपर्यंत अंडं आलं नाही तर डॉक्टर गाठाच. अडलेलं अंडं विष्ठेची वाटही दाबून धरतं, दोन दिवसांवर कोंबडी तग धरत नाही. डॉक्टरांकडे कॅल्शियमचं इंजेक्शन असतं, ते तोंडाने दिलेल्यापेक्षा कितीतरी लवकर लागू पडतं.

मग पुन्हा का अडली?

पहिल्या वेळी मी पाच दिवस कॅल्शियम दिलं, कवडी हुशार झाली, मी बंद केलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा पाच दिवस, पुन्हा बंद. बहुतेक घरांत असंच होतं. हा त्रास गोळीने थांबतो आणि रोजच्या खाण्याने परत येतो.

अंडं तयार होण्याचं वेळापत्रक समजलं तेव्हा माझी चूक कळली. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर येईपर्यंत २४ ते २६ तास लागतात. पहिल्या चार-पाच तासांत पांढरा भाग आणि पापुद्रे होतात. उरलेले जवळजवळ २० तास फक्त टरफलाचे. कोंबडीने सकाळी अंडं घातलं की अर्ध्या-पाऊण तासात पुढचा बलक सुटतो. म्हणजे टरफल चढायला दुपारनंतर सुरुवात होते आणि त्याचा मोठा भाग रात्री चढतो, जेव्हा कोंबडी दांडीवर झोपलेली असते आणि काहीच खात नसते. रात्री तिच्या हाताशी काय असतं? संध्याकाळी तिने गळ्याखालच्या पिशवीत आणि पेट्यात (दाणे दळणाऱ्या जठरात) भरून नेलेलं तेवढंच. तिथे कॅल्शियम नसेल तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. काही दिवस निभतं, नंतर टरफल पातळ होतं, पाय लटपटतात.

आता आमच्या घरचा नेम बघा. सकाळी लेअर मॅश, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य, आणि संध्याकाळी, प्रेमाने, दोन मुठी बाजरी, उरलेली भाकरी, भात. म्हणजे रात्रीच्या शिदोरीत आम्ही रोज बिनकॅल्शियमचा माल भरत होतो. आणि संध्याकाळीच कोंबडीला आपसूक कॅल्शियमची ओढ लागते. ओट्याजवळच्या भिंतीचा चुना टोचत बसायच्या त्या, आम्ही हाकलायचो.

हिशेब असा. एका टरफलात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असतं. खाल्लेल्यातलं निम्म्याच्या आसपास अंगी लागतं, म्हणून अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला सुमारे ४ ग्रॅम लागतं. चांगल्या लेअर मॅशमध्ये साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं, त्यामुळे दिवसाला ११० ग्रॅम मॅश खाल्ली तर बरोबर ४ ग्रॅम होतं. पण निम्मं पोट बाजरीने भरलं तर कॅल्शियमही निम्मं. बाजरी, मका, तांदूळ यांत ते नगण्य आहे. आमच्याकडे पेठ-सुरगाण्याची नाचणी येते आणि नाचणीत भरपूर कॅल्शियम म्हणून मी ती घालून बघितली. धान्यांत ती वरचढ खरीच, पण १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या जवळपास. ४ ग्रॅम मिळवायला कोंबडीला किलोभराहून जास्त नाचणी खावी लागेल.

चुन्याच्या निवळीबद्दल थोडं थांबून लिहिते, कारण आमच्या गल्लीत प्रत्येकाने हाच उपाय सांगितला. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो. लिटरभर निवळीत एक ग्रॅमही कॅल्शियम नसतं. कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, म्हणजे निवळीतून तिला मिळणार ४ ग्रॅमचा जेमतेम वीसावा भाग. वर निवळी इतकी तिखट असते की ती पाणीच कमी पिते, आणि उन्हाळ्यात पाणी कमी प्यायली की खाणंही कमी होतं. चुना खुराड्याच्या भिंतींना लावा, तिथे तो फार कामाचा आहे. ते पुढे येईलच.

आम्ही बदललं ते एवढंच. बाजरी सकाळी उशिरा, एका कोंबडीमागे एक छोटा चमचा, तीही अंगणात फेकून, म्हणजे उकरायला काम मिळतं. दुपारी चारनंतर फक्त लेअर मॅश. आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात, कायम भरलेला, दांडीवर जायच्या वाटेवर ठेवलेला. चुरा पिठासारखा बारीक नको. ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे हवेत. पीठ दोन-तीन तासांत आतड्यातून निघून जातं, जाड तुकडे पेट्यात अडून राहतात आणि रात्रभर थोडे थोडे विरघळतात. आधी मी दुकानातून आणलेला बारीक पांढरा चुरा सकाळच्या मॅशमध्ये कालवत होते. वस्तू बरोबर होती, आकार आणि वेळ दोन्ही चुकले होते.

शिंपले मिळाले नाहीत तर घरातली अंड्याची टरफलं चालतात. धुऊन, तव्यावर कोरडी भाजून, जाडसर कुटून द्या. चुरा मॅशमध्ये मिसळू नका, वेगळाच ठेवा. ज्यांना हवा त्याच खातात. कोंबडा आणि अंड्यावर न आलेल्या तलंगा यांना जास्तीचं कॅल्शियम मूत्रपिंडाला बाधतं, म्हणून पाच-सहा महिन्यांच्या आतल्यांना लेअर मॅशही नको.

ऊन आणि पत्रा

वहीत दुसरी गोष्ट दिसली. पातळ अंडी ३८ अंशांच्या वरच्या दिवसांनंतर यायची. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि टरफल तर कॅल्शियम कार्बोनेटचंच असतं. म्हणजे कॅल्शियम पुरेसं असलं तरी दुसरा कच्चा माल तुटतो. शिवाय उन्हात ती खाते कमी.

आमचं खुराडं पत्र्याचं, पश्चिमेला तोंड केलेलं. चैत्रात पत्र्याखाली दुपारी ४२ आणि रात्री नऊलाही ३४ अंश होते. म्हणजे रात्री टरफल चढायच्या वेळीही कोंबड्या धापा टाकत होत्या. द्राक्षबागेवरची जुनी शेडनेट नाशिकमध्ये कोणाकडेही पडलेली असते. ती पत्र्याच्या वर हातभर अंतर सोडून बांधली, पत्र्यावर उसाचं पाचट टाकलं, पश्चिमेच्या जाळीला गोणपाट टांगून दुपारी दोनदा भिजवलं. मातीच्या दोन पसरट कुंड्यांत पाणी सावलीत ठेवलं आणि दुपारी बदललं. उन्हाळ्यात कोंबडी जवळजवळ दुप्पट पाणी पिते, आणि तापलेलं पाणी टाळते. मॅश पहाटे साडेपाचला आणि उन्हं उतरल्यावर. रात्रीचं तापमान चार अंशांनी खाली आलं. पातळ अंडी आठवड्याला चार-पाच यायची ती एकावर आली.

पण कवडीच का?

बाकीच्यांची अंडी पातळ होत होती, अडत मात्र एकटी कवडी होती. डॉक्टरांनी तिला उचललं आणि छातीचं हाड चाचपायला लावलं. गावरान कोंबडीत ते हाड धारेसारखं लागतं, कवडीचं मांसाच्या आत बुडालेलं. काट्यावर ३ किलो २०० ग्रॅम. वनराज, गिरिराज या जाती मांस आणि अंडी दोन्हींसाठी काढलेल्या आहेत, परसात चालतात छान, पण घरचं उरलंसुरलं घातलं की चरबी धरतात. ती चरबी अंडनलिकेच्या भोवती साठते, वाट अरुंद करते आणि स्नायू सुस्तावतात. अंगणात सगळ्यात आधी धावत येऊन भाकरी पटकावणारी तीच होती.

अजून एक तपासणी त्याच दिवशी शिकले. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दोन बारीक हाडांची टोकं लागतात. अंड्यावरच्या कोंबडीत त्यांच्यामध्ये दोन-तीन बोटं बसतात, अंडी बंद असतील तर जेमतेम एक. कवडी अंड्यावर असूनही मधली जागा चरबीने घट्ट होती. भाकरी-भात बंद केला. उपाशी ठेवली नाही, मॅश पोटभर दिली. दोन महिन्यांत ती २ किलो ७०० वर आली.

वय हेही एक कारण. कोंबडी वयाने वाढते तसं अंडं मोठं होतं, पण टरफलाचा माल तेवढाच राहतो आणि मोठ्या अंड्यावर पातळ पसरतो. दोन वर्षांपुढच्या कोंबडीकडे म्हणून जास्त लक्ष हवं. नुकत्याच अंड्यावर आलेल्या तलंगांची पहिली काही अंडी मऊ, पिटुकली, कधी रक्ताची रेघ असलेली निघतात. त्याची काळजी करू नका, पंधरा-वीस दिवसांत बसतं.

अंडी घालायच्या पेट्या चौदा कोंबड्यांना दोनच होत्या. जागेसाठी भांडणं व्हायची आणि दबलेली कोंबडी अंडं धरून ठेवायची. आता चार आहेत, फूटभर रुंद, आत तूस, पुढे पडदा. इगतपुरीकडून भाताचं तूस स्वस्तात येतं.

लक्षणं सारखी, कारण वेगळं

कॅल्शियम आणि ऊन या दोन गोष्टींनी बहुतेक घरांचं निभेल. सगळ्यांचं नाही. माझ्याकडे फोन येतात तेव्हा मी पहिला प्रश्न विचारते, एकीला होतंय की सगळ्यांना, आणि हळूहळू झालं की दोन दिवसांत?

दोन-तीन दिवसांत सगळ्या खुराड्याची अंडी घटली, वाकडीतिकडी, सुरकुतलेली, फिकी निघू लागली, फोडल्यावर पांढरं पाण्यासारखं पसरलं आणि शिंका, घरघर ऐकू आली तर तो संसर्ग आहे. शिंपल्याने काही होणार नाही. इन्फेक्शस ब्रॉन्कायटिसमध्ये असं होतं, आणि पिल्लू असतानाच तो झाला तर अंडनलिका कायमची खराब होऊन कोंबडी मोठेपणी पेटीत बसते पण अंडं देतच नाही. कोंबड्या दिसायला ठणठणीत आणि तरी बिनटरफलाची अंडी पडत असतील तर एग ड्रॉप सिंड्रोम असू शकतो. तो विषाणू मुळात बदकांत असतो, म्हणून बदकं आणि कोंबड्या एका पाण्यावर ठेवू नका.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, सर्वांना माहीत आहे. मान वाकडी होण्याआधी कितीतरी कोंबड्यांत पहिली खूण अंडी घसरणं आणि टरफल बिघडणं हीच असते. लस स्वस्त आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात, सहा ते आठ आठवड्यांना आर-टू-बीचं इंजेक्शन. अडचण एवढीच की एका कुपीत १०० किंवा जास्त डोस असतात आणि कुपी फोडली की काही तासांतच संपवावी लागते. आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी पिल्लं एकाच आठवड्यात आणायची ठरवली, म्हणजे एक कुपी सगळ्यांना पुरते.

एकाएकी कोंबड्या मरायला लागल्या, तुरे निळे पडले, तोंड सुजलं, मऊ अंडी आली, तर मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नका, कापू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला सापडला होता. लपवून ठेवण्यात सगळ्या गावाचं नुकसान आहे.

अंडी हळूहळू कमी होत असतील, तुरा फिका पडला असेल, वजन उतरत असेल तर जंत आणि पिसवा बघा. मोकळ्या कोंबड्यांना जंत होतातच. दर दोन-तीन महिन्यांनी जंताचं औषध डॉक्टरांना विचारून द्या आणि किती दिवस अंडी खायची नाहीत तेही तेव्हाच विचारा. लाल पिसवा (रेड माइट) दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडत नाहीत. त्या दिवसा बांबूच्या पेरात, फळ्यांच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त प्यायला निघतात. रात्री बॅटरी घेऊन दांडीच्या खालून पांढरा कागद फिरवा, कागदावर लाल ठिपके उमटले की समजा. इथे चुना कामाला येतो. खुराडं रिकामं करून फटीफटीत दाट चुना भरा, दांड्या बदला, कोंबड्यांना लोळायला राख आणि कोरड्या मातीचा खड्डा करून द्या.

आणि कधी कधी आजार काहीच नसतो. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीला लोक आजारी समजून औषधं पाजतात. ती पेटीतून उठत नाही, हात लावला की फुगून चोच मारते, तुरा फिका पडतो. अडलेली कोंबडी मलूल असते, खुडूक बसलेली रागीट. हा फरक लगेच कळतो. पिल्लं नको असतील तर तळाला जाळी असलेल्या उंच पिंजऱ्यात, उजेडात, दाणापाणी देऊन तीन-चार दिवस ठेवा. नाकात पीस खुपसायची जुनी पद्धत जनावराचा छळ आहे, ती सोडून द्या. पिसझडीतही अंडी थांबतात. तसंच डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा, आणि अंड्यासाठी कोंबडीला १४ तासांच्या आसपास उजेड लागतो. निफाडकडची थंडी तर विचारायलाच नको. विकायला अंडी हवी असतील तर पहाटे दिवा लावा. घरापुरत्या कोंबड्या असतील तर मी म्हणेन, लावू नका. ते दोन महिने त्यांची हाडं भरून निघतात.

अंग बाहेर आलं तर

मोठं अंडं, चरबी किंवा खूप कळा देणं यामुळे कधी अंडनलिकेचा शेवटचा भाग बाहेर येतो. गुदद्वाराशी लालभडक, ओलसर गोळा दिसतो. पहिलं काम, तिला त्या क्षणी वेगळी करा. लाल रंग दिसला की बाकीच्या टोचतात आणि तासाभरात आतडी ओढून काढतात. हे मी माझ्या एका गावरान कोंबडीच्या बाबतीत बघितलं आहे, बाजारातून येईपर्यंत उशीर झाला होता. कोमट मिठाच्या पाण्याने धुवा, सूज जास्त असेल तर साखरेचा लेप दहा मिनिटं ठेवा, साखर पाणी ओढून घेते आणि गोळा लहान होतो. परत धुऊन, तेल लावलेल्या बोटाने हळूच आत सरकवा. नंतर आठवडाभर अंधाऱ्या जागी ठेवा म्हणजे अंडी थांबतात आणि आतला भाग सावरतो. दोनदा बाहेर आलं तर डॉक्टरांकडून टाका घालून घ्या.

पोट फुगून पाण्याच्या पिशवीसारखं लोंबत असेल, चाल बदकासारखी झाली असेल आणि अंडी बंद असतील तर बलक नळीत न जाता पोटात पडतोय आणि तिथे सडतोय असं समजा. कोमट पाण्याचा इथे उपयोग नाही. डॉक्टर पोटातलं पाणी काढतात, प्रतिजैविक देतात, काही दिवस मिळतात. खूप कमी कोंबड्या यातून उठतात. तिला कुढत ठेवायचं की नाही हे त्यांना स्पष्ट विचारा.

पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबडी न्यायला लोकांना संकोच वाटतो. मलाही एकदा एका ठिकाणी "कोंबडीसाठी कशाला आलात" असं ऐकावं लागलं. दुसरीकडे गेले आणि तिथल्या डॉक्टरांनी अर्धा तास दिला. १९६२ हा पशुसंवर्धन खात्याचा निःशुल्क क्रमांकही आहे. जाताना पातळ अंडं, त्या दिवशीची विष्ठा आणि खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी न्या. पावसाळ्यात पोत्यातल्या मॅशला कुबट वास येत असेल तर तीही न्या. बुरशीचं विष यकृत बिघडवतं आणि अंडी-टरफल दोन्ही घसरतात. त्र्यंबक-इगतपुरीच्या ओलाव्यात पोतं जमिनीवर ठेवलं की पंधरा दिवसांत हे होतं. आम्ही झाकणाच्या पिंपात, विटांवर ठेवतो.

कवडी आषाढापासून दिवसाआड अंडं देत राहिली, दिवाळीनंतर पिसं झडली, पौषात पुन्हा सुरू झाली. यंदा चैत्र आणि वैशाख दोन्ही गेले, अडली नाही. वहीत एकच पातळ अंडं आहे, सिन्नरला लग्नाला गेलो होतो त्यानंतरचं. दोन दिवस शेजारच्या ताईंनी दाणापाणी बघितलं होतं आणि शिंपल्याचं भांडं आमच्याकडून भरायचं राहून गेलं होतं. आता बाहेरगावी निघताना ते भांडं कुठे असतं, त्यात काय घालायचं आणि संध्याकाळी बाजरी का द्यायची नाही, हे ताईंना दाखवूनच निघते.